नावं कोरलेली ताटं

संगीत शिकवून निवृत्त झाले, त्या वर्षी मला जर्मनीला जायला मिळालं. विषय भारदस्त होता: समाजातलं संगीताचं स्थान आणि कचरा न करणारे उत्सव. दीड महिना मी वही घेऊन मांडवामांडवांतून हिंडले. तिथे माणसं घरून ताट आणायची, जेवून धुवायची आणि मिळून गायची. मी भोकरदनजवळच्या आमच्या गावी परतले ती महाशहाणी होऊन. तेव्हाची ती बाई आज दारात आली, तर तिला मी चहासुद्धा विचारणार नाही.

गावच्या सप्त्यात त्या बाईने, म्हणजे मीच, परस्पर जाहीर केलं, यंदा काल्याच्या पंगतीला प्लास्टिकच्या पत्रावळी नाहीत, आपापलं ताट आणा.

आदल्या दुपारी वेशीपलीकडच्या वस्तीतली आक्का आली. आमचं भजन तिच्या आवाजावर उभं होतं. ती ओट्यावर टेकलीसुद्धा नाही. म्हणाली, "बाई, उद्या आमच्यातलं कुनी येनार न्हाई. मीबी न्हाई. गायलाबी न्हाई."

मी तिला प्लास्टिकचे तोटे सांगायला लागले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"माझी माय घरून ताट घेऊन यायची. लांब बसवायचे, वरून टाकायचे. तवा काय कचऱ्यासाठी सांगत व्हते का ताट आना म्हनून?"

माझी वही भरली होती. माझ्यामागे बसून गाणारी बाई कुठे जेवते, हे मात्र त्यात कुठेच नव्हतं.

सकाळी मी तिच्या दारात जाऊन ताट मागितलं.

"कुनाला वाढनार यात?"

"सगळ्या गावाची ताटं एका ढिगात टाकायची. ज्याला जे येईल ते."

तिने ताट दिलं. पण येते म्हणाली नाही.

आमच्याकडे ताटांवर नावं कोरलेली असतात. ढिगातली ताटं मांडली, पंगत बसली आणि जो तो ताट फिरवून नाव वाचू लागला. वाढपी बादल्या धरून थांबले. थोरल्या जाऊबाईंनी आपल्यापुढच्या ताटावर आक्काचं नाव वाचलं, ताट सरकवलं, आज उपास आहे म्हणत उठल्या. सकाळी त्यांना शिरा खाताना मी पाहिलं होतं. त्यांच्यामागे आणखी चौघी उठल्या.

तेवढ्यात आक्का आली आणि त्या रिकाम्या जागेवर बसली. मी तिच्यापुढे दुसरं ताट ठेवलं.

"वाचा बरं, कुनाचं हाय?"

माझ्या सासऱ्यांचं होतं. तिच्या मायला वरून वाढणारे तेच. मी नाव वाचलं. आक्काने पदराने ताट पुसलं, अगदी नावापर्यंत, आणि वाढप्याला म्हणाली, "वाढ."

ते ताट तिच्या वाट्याला योगायोगाने आलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. आता सांगायला हरकत नाही, सकाळपासून ते मी पदराखाली धरून बसले होते.