थंड गाडी

घाट चढून लोणावळ्याकडे येताना आमची जुनी गाडी हटकून तापायची, आणि ती तापायची तिथेच जवळच्या औंढे गावातल्या एका आबांचं चहाचं खोपट होतं. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आबा आधी बॉनेटला हात लावत, डॉक्टरसारखा हुंकार देत आणि पाण्याचा डबा स्वतःच्या पायाशी ठेवून घेत.

"दोन कप चा झाल्याबिगर रेडिएटरचं टोपण उघडायचं न्हाई. वाफ तोंडावर यील."

पाणी फुकट होतं. चहा मात्र फार सावकाश उकळायचा.

"पाण्याचेही पैसे घ्या की, आबा," मी एकदा म्हणालो.

"मग लोक पानी घिऊन जातील, सायेब. बसतील कशाला?"

नंबर लावून बऱ्याच वर्षांनी मला नवी गाडी मिळाली. ती घाटात तापली नाही, तरी मी सवयीने थांबलो. आबांनी बॉनेटवर हात ठेवला, काढला, पुन्हा ठेवला.

"चांगली हाय गाडी," ते दुखवट्याला आल्यासारखे म्हणाले. "आता समद्यांच्याच अशा याया लागल्यात."

मी दोन चहा सांगितले. आबांनी पाण्याचा डबा पायाशी ओढला आणि चहा त्या दिवशीही सावकाशच उकळू दिला.