खांबाला बांधलेला मंडप

"खांबाले हात नोको लावू वं! अवं बाई, खांब सोडून खेळ ना!"

आमच्या खो-खो मंडळाचे अध्यक्ष भर सामन्यात माइकवरून ओरडत होते. मंडपवाल्याने चार भोंगे लावले होते. प्रताप नगरातल्या आमच्या मैदानावरून सुटलेला तो आवाज पार सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानांतल्या साड्यांच्या घड्या मोडून परत आला असणार, याबद्दल मला शंका नाही. आमची कर्णधार खांबाकडे झेपावत होती. खांब हातभर राहिला असताना हा आदेश कानावर आदळला आणि ती जागीच थबकली. तिच्या पुढे पळणारी, समोरच्या खाप्याच्या संघाची पोरगी आरामात वळसा घालून निघून गेली. जाताना हसलीसुद्धा.

ज्यांनी खो-खो खेळला नाही त्यांच्यासाठी सांगतो. अध्यक्षांनाही सांगितलं असतं, पण त्यांनी कधी विचारलं नाही. खो-खोत पाठलाग करणाऱ्याला मध्येच मागे वळता येत नाही; वळायचं तर खांबापाशी. म्हणून पळणारा गडी खांबाच्या आडोशाला उभा राहिला, की एका हाताने खांब धरून अख्खं अंग पलीकडे फेकावं लागतं. आमच्या कर्णधाराची सगळी ख्याती त्या एका उडीवर होती. तिला खांब सोडून खेळ म्हणणं म्हणजे पोहणाऱ्याला अंग ओलं न करता पोह म्हणण्यापैकी होतं.

आणि का, तर त्या खांबाला अध्यक्षांच्या मंडपाचा दोर बांधला होता.

मी या मंडळात शिरलो तो स्वतःच्या मूर्खपणाने. सकाळी मैदानाला फेऱ्या मारायचो. एक दिवस फक्की मारणारा आला नाही, म्हणून मी चुन्याचा डबा उचलून मैदानाच्या रेघा आखून दिल्या. रेघ सरळ आली. पुढच्या बैठकीत मी सहसचिव! बाकी कार्यकारिणीत एक अध्यक्ष, अकरा उपाध्यक्ष आणि मोजता न येण्याइतके मार्गदर्शक. त्यातल्या एकानेही आयुष्यात कोणाला खो दिलेला नव्हता. एक उपाध्यक्ष तर तीन वर्षं आपल्याला कबड्डीच्या मंडळात घेतलंय असंच समजून होते. मीही काही बोललो नाही, उगाच चांगल्या माणसाचं मन कशाला मोडा.

ही मंडळी करायची काय? तर एकमेकांना शाली घालायची. शाली इतक्या फिरायच्या की एकच शाल मला चार वेळा मिळाली. तिच्या काठावरचा चहाचा डाग मी लांबून ओळखायचो, कारण तो मीच पाडलेला होता.

मंडळ खरं चालवायची ती कर्णधार. सीताबर्डीच्या एका साडीच्या दुकानात दिवसभर उभी राहायची आणि सकाळी साडेपाचला मैदानावर हजर असायची. पोरींना पळवायची, पडलेल्यांना उठवायची, आणि वेळ उरला तर स्वतःचा सराव. विदर्भाच्या संघात जायचं, एवढी एकच गोष्ट तिला हवी होती. वयाकडे बघता पुढच्या वर्षी तिला कोणी विचारणार नव्हतं. त्या दिवशी निवड समितीच्या एक बाई आमच्या स्पर्धेला आल्या होत्या. केस पिकलेल्या, एके काळच्या खेळाडू, सोबत चहाचा थर्मास आणि एक वही. कर्णधाराने दुकानातून अर्ध्या दिवसाची सुट्टी मागून घेतली होती. तिचं जे काही व्हायचं होतं, ते त्या एका दुपारी.

आणि त्या दुपारी आमच्या लोकांनी काय केलं?

सकाळी अध्यक्ष वास्तूवाल्याला फोन लावूनच मैदानावर आले. फोन कानाला, दुसरा हात हवेत.

"स्टेज पूर्वेकडे तोंड करून पाहिजे म्हणते तो."

पूर्वेकडे तोंड होईल अशी जागा एकच होती: पश्चिमेच्या खांबाच्या मागे. उडी मारलेला खेळाडू जिथे घसरत जाऊन पडतो, नेमकी तीच.

मी म्हटलं, "भाऊ, तिथं खेळाडू पडतात."

"मंग पडू नोको म्हणा ना त्याहिले! तुमी कायचे सहसचिव आहा गा?"

मंडप उभा राहिला. अध्यक्षांचा चेहरा असलेला फ्लेक्स लागला. त्यावर त्यांचे दात एवढे मोठे होते की एकेका दातावर एकेक उपाध्यक्ष बसवता आला असता. मग अडचण आली. जमीन मुरमाची, मंडपाच्या पुढच्या दोराची खुंटी आत जाईना. मंडपवाल्याने घाम पुसला आणि खो-खोच्या खांबाकडे बोट दाखवलं.

"सायेब, हा आयताच गाडेल आहे ना."

"बांधून टाक," अध्यक्ष म्हणाले.

त्याला संध्याकाळी खाप्याला लग्नाचा मंडप घालायचा होता. घाईत सोडायला सोपी म्हणून त्याने सरकगाठ मारली. टोक ओढलं की मोकळी. मी ती गाठ डोळ्यांनी पाहिली. पंचांनीही पाहिली. पण पंचांना आमच्या मंडळाने सगळ्यात आधी शाल घातली होती, आणि ती अंगावर असताना माणूस काय बोलणार! शाल तीच होती, डागवाली.

मग भाषणं झाली. किती वेळ झाली ते सांगत नाही, तुम्ही मला खोटं ठरवाल. एवढंच सांगतो की पहिलं भाषण सुरू झालं तेव्हा माझी दाढी केलेली होती. प्रत्येक उपाध्यक्षाने खेळाचं महत्त्व सांगितलं, आणि खेळणाऱ्या पोरी उन्हात रांग करून ते ऐकत उभ्या राहिल्या.

सामना एकदाचा सुरू झाला, आमच्या मुली पाठलागावर आल्या, आणि भोंग्यातून तो आदेश आला.

आता या विद्वानांच्या एक गोष्ट ध्यानात आली नाही. भोंगा जो आमच्या कर्णधाराला ऐकू येत होता, तो खाप्याच्या पोरींनाही ऐकू येत होता. त्या काही बहिऱ्या नव्हत्या. आपली कुठे उभं राहायची सोय आहे, हे आमच्याच अध्यक्षांनी त्यांना चार भोंग्यांवरून जाहीर केलं होतं. त्यानंतर त्यांची जी पोरगी पळायला यायची, ती सरळ त्या खांबाकडे जायची. शेवटच्या मिनिटात त्यांची शेवटची धावणारी तर बसची वाट बघत असल्यासारखी खांबाला खेटून उभी. ती बाद झाली की सामना आमचा. निवड समितीच्या बाईंनी थर्मास खाली ठेवला.

कर्णधाराने पळता पळता माझ्याकडे पाहिलं.

"काका, दोर सोडा ना तो!"

मी स्टेजकडे पाहिलं. अध्यक्षांनी माझ्यावर बोट रोखलं. इतरांना एवढी नावं ठेवणाऱ्या मी काय केलं? मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो. माझ्या पायात चपला होत्या.

"खांबाले हात नोको लावू! तुले सांगून राहिलो ना मी!"

तिने उडी मारली.

एका हाताने खांब धरला आणि खांबासोबत दोराचं टोकही. अंग पलीकडे गेलं, दुसऱ्या हाताची बोटं खाप्याच्या पोरीच्या टाचेला लागली, शिट्टी वाजली. मग मंडपाने एक लांब उसासा टाकला आणि तो अकरा उपाध्यक्षांवर अंथरुणासारखा पसरला. कापडाखाली अकरा टेंगळं इकडून तिकडे फिरू लागली. माइक चालूच होता.

"माहा पाय सोड बे! कोणाचा हात हाय हा?"

प्रमुख पाहुणे हार घातलेले तसेच रांगत बाहेर आले आणि थेट गाडीत जाऊन बसले. अध्यक्षांचा फ्लेक्स सोफ्यावर उताणा पडला होता, सगळे दात आकाशाकडे. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. अशा माणसांना काही होत नसतं.

निवड समितीच्या बाई शांतपणे चालत पंचांजवळ गेल्या.

"बाद ना?"

पंचांनी शाल सावरत हात वर केला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, थर्मासचं झाकण लावलं आणि निघून गेल्या.

तिसऱ्या दिवशी बैठक. आदल्या संध्याकाळीच विदर्भाच्या संघाची यादी आली होती आणि तीत आमच्या कर्णधाराचं नाव होतं. त्याबद्दल कोणी एक शब्द काढला नाही. समोसे आले, चहा आला, आणि विषय एकच: शिस्तभंग. तिने लेखी माफी द्यावी, नाहीतर मंडळ तिला संघात खेळायच्या परवानगीचं पत्र देणार नाही, असं अकराच्या अकरा उपाध्यक्षांनी ठरवलं. मंडळाचं लेटरपॅड आणि शिक्का माझ्या स्कूटरच्या डिक्कीत असतात आणि ते पत्र मी सकाळीच सही करून तिच्या दुकानात देऊन आलो होतो, हे मात्र कोणी मला विचारलं नाही. मीही समोसा खात राहिलो.

तिला बोलावलं. ती दुकानातून थेट आली होती, खांद्याला डब्याची पिशवी. खुर्च्या बऱ्याच होत्या, पण बस कोणी म्हटलं नाही.

"तो दोर बांधेल होता, हे तुले माहीत होतं?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो."

"मी माइकवरून सांगून राहिलो होतो, ते ऐकू येत होतं?"

"हो."

"मंग काहून मारली उडी?"

सगळी खोली पुढे वाकली. इतिवृत्तात उत्तर लिहायला मी पेनचं टोपण काढलं.

"रनर तिथंच होती," ती म्हणाली.