सोलर पुसणारी बाई

वारूळवाडीच्या फाट्यावर सकाळच्या बसची वाट बघताना समोरच्या शेतातली ती बाई मला रोज दिसायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. पंपाच्या सोलर पॅनेलवर रस्त्याची धूळ बसायची, ती पुसायला ती बादली आणि जुन्या लुगड्याचा बोळा घेऊन यायची. पण पाणी मारण्याआधी तिचं एक ठरलेलं असायचं. वाकून पॅनेलची खालची कड पदरानं लख्ख पुसायची, त्यात निरखून बघायची आणि मगच बाकीचं धुवायला घ्यायची. मधेमधे पुन्हा त्याच जागी डोकवायची. मला वाटायचं, काय हौस आहे बाईला तोंड बघायची!

एकदा बसला उशीर होता म्हणून बांधापर्यंत गेलो. "ताई, एवढं रोज पुसावं लागतं?"

"लागतं की भाऊ. धूळ ऱ्हायली की पंप पानी कमी ओढतो. भिजवणं लांबतं, आन् अंधार पडल्यावर बिबट्याच्या भ्यानं रानात पाय ठिवायची सोय न्हाई."

"आणि पुसताना तोंडही बघून होतं," मी हसून म्हणालो.

ती हसली नाही. "तोंड कशाला बघू? पुसताना पाठ उसाकडं असती माझी."

मी तिच्या शेजारी जाऊन वाकलो. काचेत माझा चेहरा होता आणि त्याच्यामागे दाट, उंच ऊस.

चेहऱ्याकडे माझं लक्षच गेलं नाही.