मोहाखालची तुटलेली रेषा

नागपूरच्या दवाखान्यात वंदना शेवटची भेटली, तेव्हा तिने तब्येतीचा विषय निघूच दिला नाही. स्वतःचा मोबाइल माझ्या हातात देत म्हणाली, "मोहाखालची रेषा कोणी जोडली का, ते पाहत जाजो." त्याच आठवड्यात ती गेली. आता महिना होत आला...

साकोलीच्या बँकेत आमची टेबलं शेजारी होती. सकाळी फिरायचं वेड तिचं, फरफट माझी. गावकऱ्यांनी तलावाच्या पाळीवरून जंगलाच्या कडेने फिरायला नवी वाट मोकळी केली, तेव्हा ती इंटरनेटवरच्या खुल्या नकाशात टाकायचं तिने ठरवलं. त्या नकाशात कोणीही भर घालू शकतं, कोणीही खोडू शकतं. मोबाइल हातात धरून आम्ही चाललो की मागे रेषा उमटायची. टोकाला मोहाच्या झाडांखालची जमीन अंगणासारखी झाडलेली होती. वंदना तुमसरच्या बाजारपेठेत वाढलेली, मोहाखाली कोण कशासाठी झाडतं ते तिला ठाऊक नव्हतं. "हे मस्त आहे. इथं लोक बसतीन," म्हणाली आणि तिथे 'विसाव्याची जागा' अशी खूण केली.

पुढच्या रविवारी उजाडता उजाडता आम्ही पाळीवर पोचलो, तर एक रिकामी गाडी उभी. मागच्या सीटवर लहान मुलीची चप्पल. समोरून गावातली एक बाई रिकामी टोपली घेऊन भराभर येत होती.

"तिकडे जाऊ नका बाई. अस्वल आहे मोहाखाली."

"कोणत्या मोहाखाली?" वंदनाने विचारलं.

"आमच्याच. फुलं वेचाले सोपं जाते म्हणून कालच झाडून ठेवलं होतं."

वंदना गाडीकडे बघत राहिली. फोनला रेंज नव्हती.

"तू इथंच थांब. कोणाले पुढे जाऊ देऊ नको."

"वेडी झाली काय तू?"

"खूण मी केली ना?"

अस्वलाला माणसाची चाहूल लागावी म्हणून ती बँकेतल्यासारखे टोकन नंबर ओरडत निघाली. सत्तावीस... अठ्ठावीस... वळणापलीकडे ती दिसेनाशी झाली, आवाज येत राहिला. चौतीसनंतर तोही थांबला. टोपलीवाल्या बाईने माझा दंड घट्ट धरला.

बऱ्याच वेळाने ते आले. पुढे बाप, आईच्या कडेवर मुलगी, सगळ्यात मागे वंदना, उलटी चालत, नजर झाडांवर. अस्वल पलीकडच्या झाडाखाली फुलं खात होतं.

"मॅपवर तर बसायची जागा दाखवली आहे," बाप तणतणला.

"मीच दाखवली. गाडीत बसा आधी."

दुपारी तिने खूण काढली आणि रेषा मोहाच्या अलीकडे तोडून टाकली. पण नकाशात वाट मध्येच तुटलेली दिसली, की घरबसल्या कोणीतरी ती भल्या मनाने जोडतं. ही पुन्हा तोडायची, खाली अस्वलाचा इशारा लिहायची. रोज सकाळी, चहाच्या आधी. "लागली का हजेरी?" असं मी चिडवायची.

मोहाला कळ्या धरल्या आहेत. आज सकाळी नकाशा उघडला, तर रेषा थेट झाडांखालपर्यंत गेलेली. मी गॅस बंद केला, रेषा तोडली, इशारा पुन्हा लिहिला. मग चहा ठेवला.