चटणीच्या तेलावर कागल

गेल्या रविवारी आमची गाडी कोल्हापूरहून कागलला गेली आणि वाटेत भेटेल त्याला ठसका लावत गेली. आता हसू येतंय, पण त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता...

गाडी माझ्या वडिलांची, म्हणजे आप्पांची. पांढरी डिझेल अँबॅसिडर. मी ड्रायव्हिंग शिकले हिच्यावर आणि लग्न होऊन सासरी आले तीसुद्धा हिच्यातूनच.

नजर कमी झाल्यावर आप्पांनी गाडी चालवणं सोडलं आणि ती कागलच्या घरामागं पत्र्याखाली उभी राहिली. मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार मांडला होता... आमच्या ह्यांना जुन्या गाड्यांचं वेड. ती टेम्पोत घालून त्यांनी आमच्या दारात आणली.

तेव्हापासून आमचं अंगण म्हणजे गॅरेज. माझी चांगली मोठी परात इंजिनाचे नटबोल्ट भिजवायला गेली ती गेलीच. बरं, गाडी चालू झाली, एवढ्यावर थांबावं की नाही? नाही. ह्यांनी ठरवलं, गाडी वडे तळून उरलेल्या तेलावर चालवायची.

जुनी डिझेल इंजिनं म्हणे हे तेल पचवतात. डिझेलवर सुरू करायची, इंजिन गरम झालं की एक खटका फिरवायचा, मग पुढं दुसऱ्या टाकीतलं तेल. झालं... ओळखीच्या वडेवाल्यांकडून कॅन यायला लागले. तेलातला गाळ खाली बसू द्यायचा आणि मग सुती कापडातून गाळायचं. त्यात माझ्या दोन ओढण्या कामी आल्या, मला न विचारता.

आप्पांना हे थेर अजिबात पटत नव्हते. शनिवारी आमच्याकडं आले ते निकाल लावायलाच. "उद्या हायवेला लागल्यापास्नं कागलपतोर तुमच्या त्या तेलावर आली, तर ठिवू. वाटंत डिझेलवर घ्याला लागली तर इषय संपला. सोमवारी भंगारवाला येतोय."

आप्पा एकदा बोलले की बोलले. ह्यांचा चेहरा बघवेना. आणि मलाही ती गाडी हवी होती, सरळ सांगते. कुणीतरी गॅस कटरनं तिचे तुकडे करणार या विचारानं मला त्या दिवशी घास उतरला नाही.

रविवारी सकाळी निघालो. हे गाडी चालवायला, शेजारी आप्पा, मागं मी आणि सासूबाई. उचगाव मागं पडलं, हायवेला लागलो आणि ह्यांनी ऐटीत खटका फिरवला. इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही. मी मनातल्या मनात अंबाबाईला हात जोडले.

मग वास यायला लागला... नेहमी येतो तो वड्यांचा नव्हे. आधी ह्यांना शिंक आली, मग मला. आप्पांनी टॉवेल तोंडाला लावला. मागून येणारा एक बाईकवाला खोकत खोकत आमच्या खिडकीजवळ आला आणि म्हणाला, "ओ पावणं, गाडीत चटणी भाजायलाय काय?"

चटणी म्हटल्यावर मी सासूबाईंकडं बघितलं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

आता बाहेरगावच्या मित्रमंडळींसाठी सांगते. कोल्हापुरात चटणी म्हणजे कांदा-लसूण घालून केलेलं वर्षभराचं तिखट. आमची चटणी त्याच आठवड्यात झाली होती. संकेश्वरी मिरच्या तळून कढईत तेल उरलेलं... आणि तेल टाकून देणं सासूबाईंच्या रक्तात नाही. त्यांनी ते गुपचूप ह्यांच्या कॅनमध्ये ओतलं. गाळताना ह्यांना लालसर रंग दिसला होता म्हणे, पण वडेवाल्यानं तेल जास्त जाळलं असेल असं वाटलं.

"तूच म्हणलास न्हवं, गाडी तेल खाती म्हणून? म्या आपलं घरचं चांगलं दिलं की," सासूबाई लेकाला म्हणाल्या.

ह्यांचा हात खटक्याकडं गेला आणि मध्येच थांबला. डिझेलवर घेतली की गाडी भंगारात. आप्पा टॉवेलाआडून त्या हाताकडंच बघत होते.

हात परत स्टिअरिंगवर आला. चारी काचा खाली करून, चौघं रडत, शिंकत आम्ही पुढं निघालो. एरवी मागं चिकटून हॉर्न वाजवणारे ट्रकवाले त्या दिवशी फार सभ्य अंतर ठेवून होते.

कागल आलं. आप्पा उतरले आणि तडक घरात गेले. हे बॉनेट उघडून उगीचच आत बघत राहिले. मला वाटलं, गाडी तेलावर आली खरी, पण एवढा ठसका खाऊन आप्पांचा विचार फिरला... भंगारवाल्याला आजच बोलवायला गेले.

आप्पा बाहेर आले ते हातात कॅन घेऊन. घाण्यावरनं काढून आणलेलं शेंगतेल, जे आमच्याकडं फक्त सणासुदीला निघतं. त्यांनी तो ह्यांच्या पुढ्यात ठेवला. "म्हातारी झालीया ती. तिखट सोसत न्हाय आता. ह्ये घाला."

मी आप्पांना मिठी मारली, आमच्या घरात तशी पद्धत नसताना...

सोमवारी भंगारवाला आला, चहा पिऊन गेला. सासूबाईंचे आभार मात्र जाहीरपणे मानायला हवेत. गाडी नुसती सुखरूप पोचली असती तर आप्पा "बरं" म्हणून आत गेले असते. तिला त्रास झालेला बघितला आणि त्यांची माया उफाळून आली.

काल त्यांचा फोन आला. तिला तेल मानवलं का, हे आधी विचारलं, मग माझी चौकशी. मी लेक असून दुसऱ्या नंबरवर गेले, पण खरं सांगते, इतकं बरं वाटलं...