चार बोटं पिवळा रंग
प्रायमरचा वास आला की मला बेलापूरच्या आमच्या जुन्या घराची पुढची भिंत आठवते. वाटणीत थोरल्या भावाने ओट्याकडचा अर्धा भाग स्वतःला ठेवला, त्या रागात आम्ही कित्येक वर्षं बोललो नव्हतो. धंद्यात जम बसल्यावर मी माझी अर्धी बाजू नवी करायला काढली. जुना गिलावा पाडून नवा केला, पेंटरशी दोन दिवस घासाघीस केली. भिंतीच्या मधोमध रेघ मात्र मीच मारली, आणि ती थोडी पलीकडे सरकवली. पिवळ्या रंगाचा पहिला हात बसला तशी भिंत अशी उजळली की जाणारे-येणारे थांबून बघू लागले. तेवढ्यात थोरला टेप घेऊन ओट्यावर आला. "ए शहाण्या, चार बोटं माज्या भिंतीत शिरलाय तुजा रंग!" "मोज की मग!" मीही ओरडलो. टेपचं एक टोक त्याने धरलं, दुसरं मी. भरली बरोबर चार बोटं. "खरवडून देतो," मी गुरगुरलो. तो भिंतीकडे बघतच राहिला. "खरवडू नको. अर्धं नवं, अर्धं जुनं, लई वंगाळ दिसतंय. माज्या बाजूलाबी लाव. पन रंग मी सांगीन." जन्मात पहिल्यांदा मी घासाघीस न करता हो म्हणालो, आणि त्याने अख्खं घर मोरपंखी करून टाकलं. तो रंग मला अजून आवडत नाही. यंदा भिंत पुन्हा रंगवायची आहे, आणि या खेपेला रंग मी सांगणार, हे त्याच्याच ओट्यावर बसून, त्याचाच चहा पीत मी त्याला बजावून आलोय.