प्रभाकरभाऊंच्या मोटरीचं सिम

मोबाईल रिचार्जचं दुकान टाकलं की किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. ते आपल्या पायांनी येतात, आणि तेही तावातावानं! शिरपूरच्या बसस्टँडसमोर माझं दुकान. एक काऊंटर, एक बाकडं, एक पंखा. लोक मला 'शेठ' म्हणतात, पण ते काही खरं नाही. कंपनी कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही आणि माझं दुकान अख्ख्या पंचक्रोशीला माहीत आहे, त्यामुळे कंपनीच्या वाट्याच्या शिव्या मी खातो. या हिवाळ्यात जरा जास्तच खाल्ल्या.

सुरुवात प्रभाकरभाऊंनी केली.

प्रभाकरभाऊंचं शेत गावापासून तीन किलोमीटरवर. गुडघा दुखरा, म्हणून त्यांनी विहिरीवरच्या मोटरीला मोबाईल स्टार्टर बसवला. त्या डब्यात सिम असतं. घरून फोन लावायचा, डबा फोन उचलतो, त्यातला रेकॉर्ड केलेला आवाज सांगेल तो आकडा दाबायचा, मोटर सुरू! वर्षभराचा रिचार्ज त्यांनी पंधरा दिवसांपूर्वी माझ्याकडूनच मारला होता. सोमवारी सकाळी ते दुकानात आले आणि डब्यातून काढून आणलेलं सिम काऊंटरवर आपटलं.

"शेठ, मोटर फोनच घेऊन नाही राह्यली! हरभरा घाटे धरून राह्यला. आठ दिवसांत पाणी नाही भेटलं तं दाणाच नाही भराचा."

"नवं सिम देऊ का?"

"अन् याचा वर्षाचा रिचार्ज कोनं खाल्ला? मी नाही हालत इथून!"

शेतातली विजेची लाईन दिवसभर येते-जाते. दर वेळी गुडघा ओढत तीन किलोमीटर जाऊन बटण दाबणार कोण? मी तक्रार नोंदवली. 'चोवीस तासांत' असा मेसेज आला. प्रभाकरभाऊ बाकड्यावर बसले ते बसलेच.

*

मंगळवारी मधुकर गुरुजी आले, शाळेतून रिटायर झालेले. हातात भिंतीवरून काढलेलं कॅलेंडर!

"महिन्याचा रिचार्ज मारला होता मी. संपला काहून?"

"गुरुजी, प्लॅनचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो."

गुरुजींनी काऊंटरवर कॅलेंडर पसरलं आणि माझ्याच पेनानं गोल करत सुटले. शेवटी चष्मा वर केला. "म्हंजे वर्षाचे तेरा महिने! अरे, पंचांगात अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येते. तुमचा दरवर्षी?"

बाकड्यावरून प्रभाकरभाऊ बोलले, "गुरुजी, अधिकात जावयाले वाण तरी देता येते. इथं आपण दरसाल वाण देऊन राह्यलो, अन् जावई कोठी राह्यते तेच माहीत नाही!"

*

माझ्या मागच्या गल्लीत विमलकाकू राहतात. त्यांची मुलगी आसेगावला दिली आहे. माहेरी येऊन परत गेली की ती दोन रिंगा देऊन कट करते. दोन रिंगा म्हणजे पोचले. काकूंनी उभ्या आयुष्यात त्या फोनवरून कोणाला फोन लावलेला नाही.

बुधवारी सकाळी मुलगी परत गेली, पण रिंग आलीच नाही. काकू दुपारपर्यंत उपाशी. शेवटी शेजारणीच्या फोनवरून लावला, तर मुलगी सुखरूप. तिनं सात मिस कॉल दिले होते! काकूंची व्हॅलिडिटी संपलेली, इनकमिंग बंद.

काकूंनी फोन माझ्यासमोर धरला. "शेठ, यावर बोलाचं नाही, निस्ती घंटी आयकाची. मंग संपलं काय?"

एका आईचा दुपारपर्यंत घास अडकला आणि मी तिला प्लॅन समजावत होतो, याची लाज वाटली.

*

त्याच दिवशी संध्याकाळी गुरुजी पुन्हा हजर. त्यांच्या घरात रेंज नाही, ही त्यांची महिन्याभराची जुनी तक्रार. कंपनीनं मेसेज पाठवला होता: 'आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे.'

"मग चांगलं झालं की, गुरुजी!"

"काय चांगलं? हा मेसेज घ्यायले मले गच्चीवर चढा लागलं!"

*

गुरुवारी माझा पेशन्स संपला. मी कस्टमर केअरला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एक मुलगी लाईनवर आली. आवाज असा गोड की भांडताही येईना. मी प्रभाकरभाऊंच्या डब्यातल्या सिमचा नंबर दिला.

"सर, या नंबरवरून आजपर्यंत एकही कॉल गेलेला नाही. एकच नंबर रोज त्यावर फोन करतो. सिस्टीमला संशय आल्यामुळे सेवा थांबवली आहे. नंबर वापरणाऱ्या व्यक्तीला फोन देता का?"

प्रभाकरभाऊ उसळले. "ते विहिरीवर राह्यते!"

"मग त्यांना बोलावून घ्या, सर."

"येईन कशी? पाय नाही ना तिले!"

पलीकडचा आवाज अजूनच मऊ झाला. "सॉरी सर. दिव्यांग ग्राहकांसाठी आमची घरपोच सेवा आहे."

मी फोन ओढून घेतला. मोटर म्हणजे काय, स्टार्टर म्हणजे काय, हरभऱ्याला पाणी का लागतं, सगळं सांगितलं. तिनं सगळं लिहून घेतलं आणि म्हणाली, "चोवीस तासांत."

*

शुक्रवारी प्रभाकरभाऊंनी शिव्या दिल्या नाहीत. बाकड्यावर बसून नुसते रस्त्याकडे बघत राहिले. सकाळी कुणाच्या तरी गाडीवर बसून ते शेतात जाऊन आले होते. झाडं माना टाकायला लागली होती. ते पोचेपर्यंत लाईन गेलेली. त्यांनी सिम डब्यात परत घातलं आणि आले. "घातलं, शेठ. आता ते अन् तिचं नशीब." हा माणूस ओरडला असता तर बरं वाटलं असतं. मी चहा मागवला. तो त्यांनी तसाच ठेवला.

*

शनिवारी सकाळी लाईन होती. प्रभाकरभाऊ बाकड्यावर फोन हातात धरून बसले होते, पण मोटरीला लावायची त्यांची हिंमत होत नव्हती. तेवढ्यात त्यांचाच फोन वाजला. तीच मुलगी! मी खूण केली, त्यांनी स्पीकर लावला.

"सर, अभिनंदन! तुमचा नंबर सुरू झाला आहे. खात्री करायला मी आत्ताच त्यावर कॉल केला होता."

"मंग?"

"एका मॅडमनी उचलला. मी सेवेबद्दल समाधानी आहात का, असं विचारलं. पण त्या माझं ऐकूनच घेईनात, सर! 'मोटर बंद आहे, चालू करण्यासाठी एक दाबा', एवढंच पुन्हा पुन्हा. मी पाच वेळा नम्रपणे समजावलं."

प्रभाकरभाऊ गुडघा विसरून ताडकन उभे राहिले.

"मंग तुमी काय केलं, बाई?"

"काय करणार, सर? दुसरा पर्यायच देत नव्हत्या त्या. दाबला एक!"